कहा-सुना माफ

बोरी अरबला दारव्हा रोडवर मन्सूरभाईचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याची खोली. आत तांब्याच्या तारेची रिळं, बाहेर शेतकऱ्यांनी आणून टाकलेल्या मोटारी आणि मध्ये पोत्यावर मांडी घालून बसलेला मन्सूर. वय पन्नाशीचं, चष्मा नाकाच्या टोकावर, बोटांना वार्निशचा वास. मोटार समोर आली की तो आधी ती हुंगतो आणि मग सांगतो, जळली की नाही जळली. जळली नसेल तर गिऱ्हाईक स्वतः म्हणालं तरी तो नवी तार भरत नाही. "मन्सूर म्हणाला" एवढ्यावर आसपासच्या गावांत गोष्ट मिटते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जो माणूस दिसणार आहे तोही हाच आहे.

दुकानासोबत त्याच्याकडे एका कंपनीच्या पंपांची डीलरशिप होती. त्या वर्षी पंप चांगले खपले आणि कंपनीने त्याला डीलर लोकांच्या सहलीत घेतलं. सहल बँकॉकची, एप्रिलात. आता आपल्याकडचे बियाणंवाले, खतवाले, पंपवाले थायलंडला जाऊन आले की गाव त्यांच्याकडे कसं बघतं ते काय सांगायचं! चहाच्या टपरीवर कोणी नुसतं नाव काढलं तरी बाकीचे खाकरतात. म्हणून मन्सूरने ही बातमी फक्त बायकोला दिली.

"तिथं काय हाय?" निलोफरने पोळी लाटता लाटता विचारलं.

"मंदिरं हायेत म्हणते. अन् समुद्र."

"मंग जा," ती म्हणाली, पण लाटणं जरा जोरात फिरलं.

घोळ झाला तो पासपोर्टने. चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा मन्सूर दुकानात होता आणि दारात खाटेवर त्याची आई रौशनबी बसली होती. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण कान तिखट. "मन्सूर इथंच राहते ना? पासपोर्ट काढून राह्यला तो," पोलीस म्हणाला. त्या गल्लीत आजवर ज्याने ज्याने पासपोर्ट काढला तो हजला गेला, नाहीतर उमऱ्याला, म्हणजे हजच्या दिवसांबाहेर होणाऱ्या मक्केच्या यात्रेला. पासपोर्टचा दुसरा काही उपयोग असतो हे रौशनबीच्या गावीही नव्हतं. तिने तिथल्या तिथे दोन्ही हात वर केले आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं की मन्सूर मक्केला चालला.

तो घरी आला तर आईने त्याचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं. "मेरा बच्चा अल्ला के घर जा रहा," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

"अम्मी, ते..." मन्सूरने सुरुवात केली. पण पुढे काय बोलणार? मी बँकॉकला जाऊन राह्यलो, असं त्या रडणाऱ्या तोंडाला सांगायचं? आणि बँकॉकचं नाव निघालं की गल्ली खाकरणार. उद्या सांगू, असं ठरवून त्याने तोंड मिटलं.

"सांगून टाका," निलोफर त्याच दिवशी म्हणाली. "मी खोटं बोलणार नाही. पण तुमच्याआधी मी सांगणारही नाही."

तो उद्या काही उजाडला नाही. रोज एक दिवस गेला आणि रोज सांगणं आणखी अवघड झालं.

उमऱ्याला निघणाऱ्या माणसाने आधी ओळखीपाळखीच्या दारोदारी जायचं आणि "कहा-सुना माफ करना" म्हणायचं, अशी रीत आहे. काही लागलं-टोचलं असेल, जड बोललो असेन, ते सोडून द्या. मनात कोणाचं ओझं ठेवून त्या घरी जायचं नसतं. मन्सूर कोणाच्याच दारी गेला नाही. जाणार तरी कोणत्या तोंडाने? लोकांना वाटलं, बिचारा कामात आहे, म्हणून लोकच त्याच्याकडे आले. कोणी हार आणला, कोणी गळाभेट घेतली. शेजारच्या विमलताई कुंपणावरून म्हणाल्या, "मन्सूरभाऊ, माह्या गुडघ्याचं तेवढं सांगजा तिकडं." मन्सूर मान खाली घालून "हाव ताई" म्हणाला. शरमेने घातलेली ती मान लोकांना नम्र वाटली आणि त्याची इज्जत आणखीच वाढली.

आणि जायच्या आदल्या दिवशी साजिद आला.

साजिद हा मन्सूरचा धाकटा भाऊ. बसस्टँडजवळ त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे, म्हणजे दोघांच्या दुकानांत पायी जाण्याइतकंच अंतर. तरी सहा वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. बापाने दुकानाची वाटणी केली तेव्हा रोडकडचा भाग मन्सूरला दिला. भाईने अब्बाचे कान भरले, असं साजिदच्या मनाने घेतलं आणि तो घर सोडून गेला. त्याच वर्षी बाप वारला, तेव्हाही तो मातीला आला नाही. हे मन्सूरच्या काळजात रुतून बसलं होतं. साजिद रस्त्यात दिसला तर तो गाडी वळवून घ्यायचा.

त्या दिवशी साजिद दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. हाताला ग्रीस तसंच होतं.

"भाई, कहा-सुना माफ कर," तो म्हणाला. "खरं तं तू याले पायजे होतं. पण म्हटलं, तो मोठा हाय, मीच जातो."

मन्सूर उठला. हातातलं रीळ घरंगळत गेलं. साजिद त्याच्या गळ्यात पडला आणि पडल्या पडल्याच बोलायला लागला, जणू तोंडाकडे बघून ते त्याला बोलता आलं नसतं.

"अब्बाचा जनाजा निघाला तवा मी आलतो, भाई. कबरस्तानच्या गेटाबाहीर लिंबाखाली उभा होतो. आत पाय नाही उचलला. तुह्या रागापायी मी अब्बाले कांधा नाही देल्ला. आता नमाजेले उभा राह्यलो की तेच दिसते. माह्या तोंडानं मले माफी मागता येत नाही. तू तिथं गेला की माहं नाव घेजो. म्हणजो, साजिदले माफ कर. एवढं करशील?"

सांगायची वेळ हीच होती. पुढे मन्सूरने या क्षणाचा कितीदा तरी विचार केला. पण सहा वर्षांनी भाऊ छातीशी आला होता, त्याच्या शर्टाला पेट्रोलचा वास येत होता, आणि खरं बोललं तर तो असाच पायरीवरून उतरून जाईल ही भीती मोठी होती.

"हाव," मन्सूर म्हणाला. "घेईन."

बँकॉकला सगळे डीलर कंपनीच्या पिवळ्या टी-शर्टात. मन्सूरच्या खोलीत बाभुळगावचा गोपाल होता, तोही पंपवालाच. मन उमदं, तोंड सैल. पहिले दोन दिवस मंदिरं, बाजार आणि कंपनीची भाषणं यात गेले. तिसऱ्या दिवशी गाइडने सांगितलं, आज इथला नववर्षाचा सण, सोंगक्रान. आज रस्त्यावर सगळे एकमेकांना पाण्याने भिजवणार.

भिजवणार म्हणजे काय, ते संध्याकाळी कळलं. एवढा मोठा रस्ता गाड्यांना बंद आणि त्यावर माणसंच माणसं. दुकानांचे रंगीत दिवे लागलेले, भोंग्यांवर गाणी, फुटपाथवर भाजत असलेल्या मांसाचा आणि मिरचीचा धूर. पोरं-पोरी, गोरे पाहुणे, पोटं सुटलेले बाप्ये, सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिचकाऱ्या. कोणी ड्रममधून बादल्या उपसून ओततंय, कोणी पाइपवर अंगठा दाबून फवारा उडवतंय. मन्सूर आधी भिंतीला लागून उभा राहिला. बोरीला या दिवसांत नळाची पाळी आली की बायका हंड्यांची रांग लावतात. इथे तेवढं पाणी लोक एकमेकांच्या अंगावर फेकून हसत होते.

तेवढ्यात एका कोपऱ्यावरचा फवारा बंद पडला. एका टोळक्याने टाकीवर छोटा पंप लावला होता. तो फिरत होता, पण पाणी उचलत नव्हता. पोरं त्याला थापडा मारत होती. बाकी काहीही सहन होईल, पण पंपाला मारलेल्या थापडा मन्सूरला सहन होत नाहीत. तो गर्दीतून घुसला, हातानेच "बंद कर, बंद कर" असं सांगितलं, पंपाचं झाकण फिरवून काढलं, आत पाणी भरलं, हवा जाऊ दिली आणि झाकण लावून बोटाने खूण केली. चालू. पाइपातून असा जोर निघाला की समोरची ओळच्या ओळ मागे सरकली.

एकच आरडाओरडा झाला. एका पोराने त्याच्या गालांना पांढरं गंध फासलं, एका बाईने मोगऱ्याचा गजरा गळ्यात घातला, कोणीतरी गुलाबी पिचकारी हातात दिली आणि पाइप धरायचा मान मन्सूरकडे आला. भाषा कोणाचीच कोणाला येत नव्हती. गोपाल नाचत होता, गाइड नाचत होता, आणि थोड्या वेळाने मन्सूरही नाचायला लागला. आधी खांदे हलले, मग हात, मग सगळा माणूस. स्वतःच्या लग्नातही तो नाचला नव्हता. कोण बघतंय, काय म्हणेल, हा हिशेबच तिथे नव्हता. इतकी मजा त्याला जन्मात कधी आली नव्हती.

दमून तो बाजूला झाला तर एका दुकानासमोर खुर्चीवर एक म्हातारी बसलेली दिसली. तिने दोन्ही तळवे जोडून ओंजळ पुढे केली होती. घरची माणसं एकामागून एक तिच्यापुढे गुडघ्यांवर बसत, तिच्या तळव्यांवर फुलं घातलेलं पाणी सावकाश ओतत आणि मान वाकवत. म्हातारी ओल्या हाताने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवी.

"हे काय?" मन्सूरने गाइडला विचारलं.

"त्योहार का असली रिवाज यही," तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "साल भर में गलती हुआ, तो बड़ा लोग से माफी माँगता."

मन्सूर त्या ओंजळीकडे बघत राहिला. आणि गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटात फोन थरथरला. व्हिडिओ कॉल. नाव, साजिद.

त्याला न बघताच सगळं दिसलं. साजिद अम्मीच्या खाटेवर बसला असेल. अम्मीने डोक्यावरून पदर सारखा केला असेल. तिला दिसत नाही, पण साजिद तिला सांगणार असेल, हे बघ अम्मी, काबा. इकडे त्याच्या गालावर गंध, गळ्यात गजरा, मागे गाणं. त्याने कॉल कापला. तो पुन्हा आला, पुन्हा कापला. मग साजिदचा आवाज आला, मेसेजमध्ये. एका कानात बोट घालून मन्सूरने तो ऐकला. "भाई, तू इबादतीत असशील. मीच येडा, टाइम नाही पाह्यला. अम्मीजवळच बसलो हाय. तू आरामानं कर."

तो तसाच एका बोळात शिरला. नाव तरी घेऊ, असं त्याच्या मनात आलं. हात वर केले तर एका हातात गुलाबी पिचकारी. ती खाली ठेवली. तळव्यांना पांढरं गंध चिकटलेलं होतं. इथं? असल्या ठिकाणी, असल्या अवतारात साजिदचं नाव घ्यायचं? त्याला ते पापच वाटलं. त्याने हात खाली घेतले. हॉटेलवर जाऊन, आंघोळ करून, नीट मागू.

बोळाच्या तोंडाशी गोपाल हाका मारत होता. मन्सूर पिचकारी उचलून परत गेला आणि पुन्हा नाचला. त्याला लाज वाटते ती या दुसऱ्या नाचाची. पहिल्या वेळी तो भान विसरला होता. दुसऱ्या वेळी त्याला सगळं आठवत होतं, आणि तरी मजा आली.

हॉटेलवर त्याला अंथरुणावर पडताक्षणी झोप लागली. दुसऱ्या दिवशी सामान बांधायची घाई होती, त्यानंतर विमान. नाव घ्यायचं राहून गेलं.

विमानात त्याने गोपालला घरचा सगळा घोळ सांगितला, आणि नागपुरात उतरल्यावर तो त्याला घेऊन मोमिनपुऱ्यात गेला. खजूर घेतले, जमजमच्या, म्हणजे मक्केच्या विहिरीच्या पाण्याच्या, बाटल्या घेतल्या. इथवर गोपाल हसत होता. पण मन्सूर एका सलूनमध्ये शिरला आणि खुर्चीत बसून "पूरे निकालो" म्हणाला, तेव्हा त्याचं हसू मावळलं.

"बाल कायले काढतं?"

"उमरा करून आलेला मानूस बाल काढते."

"मन्सूरभाई, अम्मीले सरळ सांगून दे ना बाप्पा. समजून घेईन ते."

"तुले नाही समजत," मन्सूर आरशात न बघता म्हणाला. सगळे केस गळून पडेपर्यंत गोपाल बाहेर फुटपाथवर उभा राहिला.

गल्लीने मन्सूरला हार घातले. विमलताईंनी खजूर कपाळाला लावून तोंडात टाकला. निलोफरने पाण्याचा पेला दिला, त्याच्या डोक्याकडे बघितलं आणि हळू म्हणाली, "बाल तरी राहू द्याचे होते." रौशनबीने चाचपडत त्याचे हात शोधले. तिच्या लेखी अल्लाच्या घराला लागून आलेले हात. तिने दोन्ही तळव्यांचं चुंबन घेतलं, मग ते आपल्या मिटल्या डोळ्यांवर दाबून धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. तिच्या पापण्या आपल्या तळव्याखाली थरथरताना मन्सूरला कळत होत्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. जमीन कशाला दुभंगते!

साजिद सगळ्यांना पेल्यातून घोट घोट जमजम वाटत होता, घरच्या माणसासारखा. लोक पांगले तसा तो जवळ आला.

"भाई, नाव घेतलं होतं ना माहं?"

गावभर ज्याच्या शब्दावर गोष्ट मिटते तो माणूस म्हणाला, "हाव."

साजिदने डोळे पुसले. "उद्या फजरच्या नमाजेनंतर अब्बाकडं जाऊ. तू संग चाल. सहा वर्षं झाले, मी त्या गेटाच्या आत नाही गेलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कबरस्तानला गेले. लिंबाशी साजिद क्षणभर थांबला आणि मग मन्सूरचा हात धरून आत शिरला. बापाची कबर कोणती हेही साजिदला मन्सूरनेच दाखवलं. साजिदने फातेहा वाचली. मग खाली बसून कबरीच्या मातीवर तळवा ठेवला आणि जिवंत माणसाशी बोलावं तसं बोलायला लागला.

"अब्बा, मी आलो. भाईनं तिथं माहं नाव घेतलं. त्याईच्यामुळं आलो, अब्बा, नाही तं माही हिंमत नव्हती."

जिवंतांशी खोटं बोलून झालं होतं. आता ते मेलेल्या बापापर्यंत पोचलं होतं, आणि तेही साजिदच्या तोंडून.

"साजिद," तो म्हणाला, "उठ. मी तिथं गेलोच नव्हतो."

आणि त्याने सांगितलं. पासपोर्ट, कंपनी, बँकॉक, तो रस्ता, पंप, नाच, कापलेला फोन, नागपूरचं पाणी, सलून, सगळं. एकही गोष्ट गाळली नाही, दुसऱ्यांदा नाचलेलंही सांगितलं. साजिद बसल्या जागी ऐकत राहिला. त्याचा हात मातीवरच होता. मन्सूरला वाटलं, आता हा शिव्या देईल, हात उगारेल. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

"अम्मीले तूच सांगशील," साजिद म्हणाला. "आजच. मी नाही सांगणार."

"आजच सांगतो."

"अन् एक सांग. तिथून माहं नाव घेतलं काय? त्या रोडवरून?"

"नाही रे. तसल्या जागी कसं घेणार होतो..."

"हॉटेलात?"

"नाही."

"विमानात? घरी आल्यावर? कुठीच नाही?"

मन्सूरने मान हलवली.

साजिद उठला. गुडघ्यांची माती झटकली. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मन्सूरला तेच झेपेना.

"भाई, दुवा मागायले मक्केलेच जा लागते काय? तू त्या रोडवरून, नाचता नाचता जरी माहं नाव घेतलं असतं ना, तरी मले चाललं असतं."

तो गेटाकडे चालू लागला. लिंबाखाली थांबला नाही. मन्सूर बापाच्या कबरीपाशी एकटा राहिला, उघड्या तासलेल्या डोक्यावर कोवळं ऊन घेत. त्याने दोन्ही हात वर केले. साजिदचं नाव घ्यायचं होतं, पण आधी कोणाची माफी मागायची तेच त्याला कळेना.